चंद्रावर पाणी किती फुटांवर?

बोअरची गाडी शेतात उभी राहिली की आमच्या बोरी गावात बांधावर माणसं जमतात. बोअर कुणाचं आहे, याला महत्त्व नसतं. पाइप जमिनीत शिरतो, कॉम्प्रेसरच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळे नुसते भोकातून उडणाऱ्या भुकटीकडे बघत राहतात. काळी माती संपते, पिवळसर मुरूम येतो, मग भुकटीचा रंग बदलत जातो. एखादा जाणता माणूस पुढे होऊन ओंजळीत भुकटी धरतो, चिमटीत चोळतो. ती तांबूस, चरचरीत, पांढऱ्या खड्यांची असली तर म्हणतो, "मांजऱ्या लागला," आणि बांधावर जरा हालचाल होते. मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा, झिजलेला, भेगाळलेला खडक. पाणी असलंच तर तिथं. पण करडी, पिठासारखी बारीक धूळ उडत राहिली तर कुणी काही बोलत नाही. तो काळा पाषाण. फूट वाढतात, फुटामागे पैसे वाढतात, आणि धूळ उडतच राहते.

आमच्या शेतात अशी धूळ मी दोनदा पाहिली आहे.

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळही मला धुळीमुळेच आठवते. नागपंचमी होऊन दोन दिवस झाले होते आणि भर श्रावणात रस्त्यावर फुफाटा होता. देशातल्या १९०१ पासूनच्या नोंदींमधला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. फुलावर आलेलं सोयाबीन माना टाकत होतं. ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरला, घराघरांतून टाळ्या वाजल्या. टीव्हीसमोर बसलेल्या माझ्या चुलत्यांनीही वाजवल्या. मग ते माझ्याकडे वळले.

"तिथं पाणी किती फुटांवर लागलं म्हणे?"

"अजून लागलं नाही काका. आहे असं दिसलंय."

"दिसायला काय, पाणाड्यालाबी दिसतंय."

मला पुढे बोलता आलं नाही. प्रश्न अगदी योग्य होता. दुसऱ्या जगावर काय आहे हे आपल्याला 'दिसतं' म्हणजे नेमकं कसं? आणि दिसण्यापासून हाती लागण्यापर्यंत किती अंतर असतं? तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे आहे. जे कळलं त्याने मी इतका थक्क झालो आहे, की ते एकट्याने ठेवून घेणं जमत नाही.

पाणाड्या हातातल्या फांदीकडे बघतो किंवा तळहातावरच्या नारळाकडे. भूजल सर्वेक्षणाचे लोक येतात तेव्हा ते जमिनीलाच प्रश्न विचारतात. एका रेषेत चार लोखंडी सळया ठोकतात, बाहेरच्या दोन सळयांमधून जमिनीत वीज सोडतात आणि आतल्या दोन सळयांमध्ये किती दाब उमटतो ते मोजतात. कोरडा, एकसंध पाषाण विजेला अडवतो. ओला, भेगाळ थर तिला वाट देतो. सळयांमधलं अंतर वाढवलं की वीज अधिक खोलवर जाऊन येते. बाजारात मडकं घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, तसंच हे. मडक्याच्या आत शिरावं लागत नाही. टिचकी आपली, उत्तर मडक्याचं. परग्रहांवर जाणारी छोटी यंत्रं हेच करतात. फक्त त्यांच्या टिचक्या वेगवेगळ्या असतात. कुणी उजेडाची मारतं, कुणी अणूच्या कणांची, कुणी नुसती ऊब मोजत बसतं.

पहिली टिचकी सूर्याचीच होती. २२ ऑक्टोबर २००८ ला चांद्रयान-१ निघालं, तेव्हा त्याच्यावर अमेरिकेच्या नासाचं एक उपकरण होतं. चंद्रावरून परतणारा सूर्यप्रकाश ते रंगारंगांत फोडून बघत होतं. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्याच्याही पलीकडे, तीन मायक्रोमीटरच्या आसपास, त्या प्रकाशात एक खाच आढळली. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना धरून असले की नेमका तेवढाच प्रकाश गिळतात. सप्टेंबर २००९ मध्ये ही बातमी जगाला कळली. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला नासाने एका रॉकेटचा रिकामा टप्पा दक्षिण ध्रुवाजवळच्या कॅबियस या विवरात आपटवला आणि उडालेल्या धुरळ्याची तपासणी केली. हिशेब आला वजनाच्या साधारण साडेपाच टक्के पाणी. म्हणजे एक टन मातीमागे पन्नास-पंचावन्न लिटर. हिशेबात कमीजास्त होण्याला बरीच जागा होती, पण पाणी होतं.

हे पाणी टिकलं कसं, तेही सांगायला हवं. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, म्हणून आपल्याकडे उन्हाळे-पावसाळे होतात. चंद्राचा आस जेमतेम दीड अंश कलतो. त्यामुळे ध्रुवांजवळ सूर्य कायम क्षितिजाला घासूनच फिरतो आणि खोल विवरांच्या तळाशी ऊन कधी पोहोचतच नाही. कधीच नाही, अब्जावधी वर्षं तिथं सावली आहे. काही ठिकाणी तापमान उणे २४० अंशांच्याही खाली जातं. अशा जागी चुकून आलेला पाण्याचा रेणू उठून जाऊच शकत नाही.

पण वरून दिसलेली खाच आणि आपटून उडवलेला धुरळा म्हणजे काकांच्या भाषेत अजून पाणाड्याचंच काम. जमिनीवर उतरून, माती हाताशी घेऊन विचारायला हवं. तसं पहिल्यांदा विचारलं गेलं त्याची गोष्ट मला फार आवडते, कारण तिचं उत्तर आपल्या पायाखालचं आहे.

पौर्णिमेच्या चंद्रावरचा ससा लहानपणी सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो ससा, म्हणजे ते काळपट डाग, कशाचा आहे हे १९६७ पर्यंत कुणी खात्रीने सांगू शकत नव्हतं. खोल धुळीचं तळं असेल, यान त्यात बुडेल, अशीही भीती होती. ११ सप्टेंबर १९६७ ला अमेरिकेचं सर्व्हेअर-५ शांतिसागर नावाच्या त्या काळ्या मैदानात उतरलं. शिकागो विद्यापीठाच्या अँथनी टर्केविच यांनी तयार केलेली एक छोटी पेटी त्याने दोरीने जमिनीवर सोडली. पेटीत क्युरियम या किरणोत्सारी धातूचा कण होता. त्यातून अल्फा कण सुटत, मातीतल्या अणूंवर आपटत आणि काही उलटे परत येत. गोटी हलक्या गोटीवर आपटली तर बराचसा जोर तिला देऊन बसते. जड गोट्यावर आपटली तर जवळजवळ त्याच वेगाने माघारी येते. परतलेल्या कणांच्या जोरावरून समोर कोणता अणू होता ते ओळखायचं, असं ते गणित. ऑक्सिजन सर्वांत जास्त, मग सिलिकॉन, मग ॲल्युमिनियम. प्रमाण जुळलं ते बेसॉल्टशी. माणूस चंद्रावर पोहोचायला तेव्हा पावणेदोन वर्षांहून अधिक काळ होता.

बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. बोरीच्या विहिरींच्या कडा, घरांच्या पाया-जोत्यांचे दगड, नेमगिरीच्या टेकडीवरचा कातळ, सगळा बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून उफाळलेल्या लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं हे पठार झालं. आजही ते पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं आहे. चंद्रावरचा ससा त्याच जातीच्या दगडाचा आहे, फक्त वयाने फार मोठा, बराचसा तीन अब्ज वर्षांहून जुना. बोरीच्या बांधावर उभं राहून चंद्राकडे बघताना हे आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो. बोअरच्या भोकातून उडणारी ती नकोशी करडी धूळ आणि तिथली ती सावळी सावली एकाच कुळातली आहेत.

फरक आहे तो पाण्याचा. आपल्या मांजऱ्याच्या भोकांत पांढरे, गुलाबी, कधी हिरवट खडे बसलेले असतात. लहानपणी आम्ही त्यांना सरसकट गारगोट्या म्हणायचो. लाव्हा थिजताना आतल्या वायूंचे बुडबुडे अडकले, ती भोकं. पुढे लाखो वर्षं त्यांतून पाणी झिरपत राहिलं आणि जाताना आपल्यातली खनिजं ठेवून गेलं, त्या गारगोट्या. अपोलोच्या अंतराळवीरांनी आणलेल्या चंद्राच्या बेसॉल्टमध्येही बुडबुड्यांची भोकं आहेत. ती रिकामी आहेत. त्या दगडातून पाणी कधी वाहिलंच नाही. भुकटीत पांढरे खडे दिसले की बांधावरच्या माणसाला बरं का वाटतं, ते इथं कळतं.

लोणारचाही उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. जिंतूर ओलांडून जिल्ह्याबाहेर पडलं की मोटारसायकलने दुपारच्या आत पोहोचता येतं. जवळपास दोन किलोमीटर रुंदीचं ते विवर आकाशातून आलेल्या दगडाने थेट बेसॉल्टमध्ये पाडलेलं आहे. चंद्रावर अशी विवरं गणतीपलीकडे आहेत, पृथ्वीवर बेसॉल्टमधलं इतकं चांगलं टिकलेलं विवर दुर्मीळ. म्हणून चंद्र-मंगळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ पन्नास वर्षांहून अधिक काळ तिथं येत आहेत. आम्ही शाळेची सहल म्हणून गेलो तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

आता प्रज्ञानकडे. विक्रममधून उतरलेली ही सहा चाकांची गाडी २६ किलोची आहे, खताच्या अर्ध्या पोत्याएवढं वजन. चाल सेकंदाला एक सेंटिमीटर. ती सशावर उतरली नाही. तिच्या वाट्याला चंद्राचा उजळ, उंचवट्याचा भाग आला, जिथला दगड फिकट अनॉर्थोसाइट जातीचा मानला जातो. त्यामुळे उतरण्याच्या तयारीत आपला दख्खनचा दगड उपयोगी पडण्यासारखा नव्हता. इस्रोने तमिळनाडूत सेलमजवळच्या सित्तमपुंडीचा अनॉर्थोसाइट दळून चंद्राची नकली माती बनवली आणि तिच्यावर चाकं नि पाय तपासले.

प्रज्ञानवरची एक पेटी टर्केविचच्या पेटीची नात म्हणावी अशी आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने ती बनवली. गाडी थांबली की अठरा सेंटिमीटर उंचीची ही पेटी बिजागरीवर वळते आणि तिचं तोंड जमिनीपासून पाच सेंटिमीटरवर येऊन थांबतं. आत क्युरियम आहे, पण इथं ऐकायचं वेगळं आहे. अल्फा कण आणि क्ष-किरण मातीतल्या अणूच्या अगदी आतल्या कप्प्यातला इलेक्ट्रॉन उडवतात. ती जागा भरायला वरच्या कप्प्यातला इलेक्ट्रॉन खाली येतो आणि येताना क्ष-किरणाची एक ठिणगी सोडतो. या ठिणगीचा जोर प्रत्येक मूलद्रव्याचा ठरलेला असतो. सिलिकॉनचा १.७४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, गंधकाचा २.३, कॅल्शियमचा ३.७, लोखंडाचा ६.४. बोरीतलं लोखंड असो की चंद्रावरचं, ते ६.४ च सांगणार. अख्ख्या विश्वात अणू आपलं नाव बदलत नाहीत, म्हणून तर हे सगळं जमतं.

गाडी १०३ मीटर फिरली आणि तिने २३ ठिकाणी अशी विचारपूस केली. वाटेत तीन मीटर पुढे चार मीटर रुंदीचा खड्डा दिसला, तेव्हा मागे वळून दुसरी वाट धरली. संतोष वडवळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये त्याचा अर्थ मांडला. चंद्र जन्मला तेव्हा वितळलेल्या खडकाचा महासागर होता, जड खनिजं तळाला गेली आणि हलका फिकट दगड सायीसारखा वर तरंगला, असा एक जुना तर्क आहे. प्रज्ञानच्या पायाखालची माती त्या सायीशी जुळली. पण तिच्यात अपेक्षेपेक्षा जास्त मॅग्नेशियम होतं. ते खालच्या थरांतून आलं असावं: दक्षिण ध्रुवाकडचं प्रचंड आदळविवर घडलं तेव्हा खोलवरचा माल वर उसळून इथपर्यंत पसरला असणार. जमिनीला भोकही न पाडता, शंभर मीटरच्या फेरफटक्यात, चंद्राच्या पोटातल्या दगडाची चाहूल.

दुसरं उपकरण बंगळुरूच्या इलेक्ट्रो-ऑप्टिक्स प्रयोगशाळेचं, त्याची टिचकी लेसरची. चुलीत मिठाचा खडा पडला की ज्वाळ क्षणभर पिवळीधमक होते. तो पिवळा रंग सोडियमचा. दिवाळीच्या फटाक्यांत हिरवा बेरियमचा, लाल स्ट्रॉन्शियमचा. प्रत्येक मूलद्रव्य पेटलं की आपल्या रंगाने पेटतं. प्रज्ञान मातीच्या टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यावर लेसरचा क्षणार्धाचा ठोका मारते. तेवढी माती हजारो अंशांना तापून चकाकता वायू होते आणि विझायच्या आत तिचे रंग टिपले जातात. २८ ऑगस्ट २०२३ ला इस्रोने यादी जाहीर केली: ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, क्रोमियम, टायटॅनियम, मँगनीज, सिलिकॉन, ऑक्सिजन. आणि गंधक, निःसंशय गंधक. वर घिरट्या घालणाऱ्या यानांना तिथलं गंधक ओळखता येत नव्हतं. त्यासाठी मातीपाशीच जावं लागलं.

गंधकाचं नाव ऐकून काकांनी मान वर केली होती. आमच्याकडे ते पोत्यांत येतं, सोयाबीनला, हळदीला. तेलबियांना गंधक लागतं हे परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशींमधून गावोगाव पोहोचलेलं आहे. चंद्रावर त्याचा उपयोग आणखी एक: वितळवलेलं गंधक मातीत कालवून थिजवलं की थेंबभर पाणी न वापरता काँक्रीट होतं. पाणी दुर्मीळ असलेल्या ठिकाणी बांधकाम करायचं तर यापेक्षा सोयीचं काय? अहमदाबादच्याच प्रयोगशाळेने २०२५ मध्ये प्रमाण सांगितलं, दशलक्ष भागांत ९०० ते १४००. टनभर मातीत साधारण किलोभर. अपोलो-१६ ने आणलेल्या उंचवट्याच्या मातीपेक्षा हे जास्त आहे. एवढ्याने कुणी खाण काढणार नाही, पण शोध असाच चालतो. आधी आहे की नाही, मग किती, मग कुठं दाट आहे.

मला सर्वांत भुरळ घातली ती मात्र तिसऱ्या यंत्राने. त्यात किरणोत्सार नाही, लेसर नाही. विक्रमच्या पायाशी एक सळई होती, तिच्यावर तापमान मोजणारी दहा संवेदकं. ही सळई चंद्राच्या मातीत दहा सेंटिमीटर गेली. ऐकायला एवढंच. पण दहा सेंटिमीटर म्हणजे काय ते आधीच्यांना विचारावं. २०१४ मध्ये युरोपच्या फिले यानाने धूमकेतूवर अशीच सळई ठोकायचा प्रयत्न केला, पृष्ठभाग इतका टणक निघाला की ती शिरलीच नाही. मंगळावर इनसाइट यानाची ४० सेंटिमीटरची स्वतः ठोकत जाणारी नळी पाच मीटर खोल जाणार होती. मातीने तिला हवी तशी पकडच दिली नाही, ती जागच्या जागी उसळत राहिली. जवळपास दोन वर्षं प्रयत्न करून जानेवारी २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी ते काम थांबवलं. भोक ढासळून पाइप अडकलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या माणसांची त्या दिवशीची अवस्था कळेल.

विक्रमची सळई गेली आणि तिने सांगितलं ते असं. वरच्या थराचं तापमान ८२ अंश सेल्सियसपर्यंत चढलं होतं. आठ सेंटिमीटर खाली ते उणे दहाच्या आसपास. चार बोटांच्या अंतरात उकळायला आलेल्या पाण्यापासून बर्फापर्यंत! आपल्या आज्या रात्री चुलीतला विस्तव राखेत पुरून ठेवायच्या आणि पहाटे फुंकर घातली की निखारा लाल व्हायचा. राख उष्णता जाऊ देत नाही. चंद्राची माती राखेहून वरचढ आहे. तिच्या कणांमध्ये हवासुद्धा नाही, कण एकमेकांना टोकाटोकांनीच टेकलेले, उष्णतेला जायला वाट नाही. म्हणून वर कितीही तापलं तरी थोड्याच खाली गारवा सुरक्षित राहतो. लाखो वर्षं पुरून ठेवलेला, निखाऱ्याच्या उलट असलेला असा तो गारवा.

आणि एक गोष्ट आणखी. ८२ अंश ही जागा उन्हाकडे सहा अंश उतरलेली होती. तिथून मीटरभर अंतरावर सपाट जमिनीवर तापमान ६० अंशांच्या जवळपास होतं. फक्त सहा अंशांच्या उताराने वीसेक अंशांचा फरक! अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी हा धागा पकडून गणित पुढे नेलं. २०२५ मध्ये त्यांनी मांडलं की, या पट्ट्यात ध्रुवाकडे तोंड असलेला आणि चौदा अंशांहून जास्त उभा उतार असेल, तर तिथं बर्फ फार खोल नसतानाही टिकू शकेल. त्यासाठी अंधाऱ्या, उणे २४० अंशांच्या विवरात उतरण्याची गरज उरत नाही. सौर पत्रे जिथं चालतात, यान जिथं जगतं, त्या उजेडातल्या प्रदेशातही सावलीची कूस बर्फ सांभाळून असू शकते.

हे कळल्यावर मी काकांकडे गेलो. पण त्याआधी एक प्रश्न वाटेत येतोच, की पाणी तिथंच का शोधायचं, इथून का नेऊ नये. एप्रिल २०१६ आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. साडेतीनशे किलोमीटर सपाट रुळांवरून पाणी आणणं किती महाग आणि किती अपुरं पडतं, हे मराठवाड्याला सांगायला नको. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे आणि वाट चढाची. तिथं सापडलेला लिटरभर बर्फ म्हणजे नुसतं पिण्याचं पाणी नाही. विजेने फोडला की ऑक्सिजन श्वासाला, हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून रॉकेटचं इंधन. मंगळावर तर याची सुरुवात झालीसुद्धा. पर्सिव्हिअरन्स या गाडीच्या पोटातल्या एका पेटीने २०२१ ते २०२३ या काळात सोळा वेळा मंगळाची हवा शोषून तिच्यातल्या कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्सिजन काढला. एकूण १२२ ग्रॅम. एका माणसाला तीन-साडेतीन तास पुरेल एवढा. पण परक्या जगाच्या मालापासून माणसाला लागणारी वस्तू बनण्याची ती पहिलीच वेळ.

बर्फ नसला तरी दगड आहेच. बेसॉल्टच्या वजनात चाळीस टक्क्यांहून अधिक नुसता ऑक्सिजन असतो, सिलिकॉन आणि लोखंडाने घट्ट बांधून ठेवलेला. आमच्या कोरड्या बोअरच्या तोंडाशी पडलेला तो करडा ढीग जवळजवळ निम्मा ऑक्सिजनचा आहे, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. त्या ढिगाकडे मी आता पहिल्यासारखं बघत नाही.

तर, काका. ते गोठ्यात होते. मी त्यांना उताराचं सांगितलं, हाताचा कोन करून दाखवला. इकडून ऊन येतं, या अंगाला लागतं, त्या अंगाला लागत नाही. ते ऐकत राहिले.

"मंजी सावलीच्या अंगाला," ते म्हणाले. "आपल्या नाल्याच्या बांधाला बी तसंच हाय की. दिवाळीनंतर उत्तरेच्या अंगाला ओल राहती, दक्षिणेचं अंग वाळून जातं. हरभरा ओलीच्या अंगाकडून आधी उगवतो."

हे त्यांना शिकवायची गरजच नव्हती. चंद्रावर दिशा उलटी, दक्षिण ध्रुवाकडे सावली दक्षिणेच्या अंगाला. बाकी गोष्ट तीच.

मग मी त्यांना प्रज्ञान झोपल्याचं सांगितलं. २ सप्टेंबर २०२३ ला, सूर्य मावळायच्या आत, गाडी बंद करून उभी केली गेली. चौदा दिवसांच्या त्या रात्रीत तिथली माती उणे १६८ अंशांपर्यंत जाते. त्यानंतर ती जागी झाली नाही. तिच्या पेटीतला क्युरियम मात्र झोपत नाही. त्याचा अर्धा भाग झिजायला अठरा वर्षं लागतात. म्हणजे आत्ताही, ऐकणारं कुणी नसताना, तो कण सोडत असणार, आणि २०४१ मध्येही निम्म्या जोराने सोडत असणार.

"मग आता भोक कोण पाडणार?"

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचं एक खासगी यान मीटरभर खोल जाणारं यंत्र घेऊन दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं होतं, पण आडवं पडलं. यंत्र फिरवून बघितलं, ते फिरलं; टोकाखाली जमीनच नव्हती. त्याच महिन्यात आपल्या सरकारने चांद्रयान-५ ला मंजुरी दिली. जपानसोबत. बेत असा की, ती गाडी प्रज्ञानपेक्षा कितीतरी मोठी असेल आणि दीडेक मीटरपर्यंतची माती काढून, तापवून, वाफ निघते का ते बघेल.

"दीड मीटर म्हंजे पाच फूट," काका म्हणाले. त्यांनी थोडा विचार केला. त्यांच्या दोन बोअरपैकी एक ढासळूनच गेलं होतं.

"केसिंग न्यायला सांग त्यांना," ते म्हणाले, "माती भुसभुशीत हाय म्हणतूस ना."